पाकिटाचा कोपरा जपा: मटकी, खोबरं, मसाला ‘रिकॉल’ झाला तर घरात काय करायचं

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या भारतीय किराणा दुकानांच्या फ्रीझरमधून ‘दीप’ ब्रँडची मोड आलेली मटकी आणि मोड आलेले मूग उचलले गेले. १६ औंसांची, म्हणजे एक पौंडाची गोठवलेली पाकिटं. मिसळीसाठी किंवा उसळीसाठी भिजवा, बांधून ठेवा, मोड येण्याची वाट बघा हा खटाटोप वाचतो म्हणून कितीतरी मराठी घरांत ती कायम असतात. परत मागवण्याचं कारण होतं साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जीवाणू. सुरुवातीच्या सरकारी नोंदीत १० राज्यांतले ११ रुग्ण होते आणि त्यांतल्या चौघांना रुग्णालयात ठेवावं लागलं होतं. आकडा लहान दिसतो, पण त्यात फक्त ज्यांची स्टूल टेस्ट झाली तेच येतात. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या अंदाजानुसार साल्मोनेलाच्या एका नोंदलेल्या रुग्णामागे साधारण २९ जण नोंदीबाहेर राहतात. पोट बिघडलं, दोन दिवस ताक-भात खाल्ला, बरं वाटलं, विषय संपला.

माल परत मागवण्याच्या, म्हणजे ‘रिकॉल’च्या घोषणेत ग्राहकाला सांगितलेलं काम एका ओळीचं असतं: पाकिटावरचा लॉट नंबर, म्हणजे तो माल कुठल्या खेपेत भरला त्याचा क्रमांक, यादीशी ताडून पाहा. आपल्या घरांत नेमकं तेच जमत नाही. अर्धं पाकीट वापरून उरलेली मटकी झिपलॉकमध्ये जाते, मसाला बरणीत, पीठ डब्यात, खोबरं लहान डब्यांमध्ये वाटून. रिकामं पाकीट त्याच दिवशी कचऱ्यात. रिकॉलची सगळी यंत्रणा ज्या पाच-सात आकड्यांवर चालते, ते आकडे आपण पहिल्याच संध्याकाळी फेकून देतो. म्हणून खाली सगळ्यात जास्त जागा त्या आकड्यांना आणि डब्यांना दिली आहे.

खरी बातमी कुठे बघायची

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पाकिटाच्या फोटोवर विसंबू नका. बहुतेक वेळा त्यात लॉट नंबर नसतो, तारीख नसते, आणि दोन वर्षांपूर्वीचा रिकॉल ‘आत्ताच आलंय’ म्हणून फिरत असतो.

अमेरिकेत हे काम दोन खात्यांत वाटलेलं आहे. मांस, कोंबडी आणि प्रक्रिया केलेली अंडी यूएसडीएकडे, म्हणजे कृषी खात्याकडे. बाकी जवळजवळ सगळं एफडीएकडे, म्हणजे अन्न आणि औषध प्रशासनाकडे. एकाच दुकानातल्या दोन समोशांचंही असं होतं: बटाट्याचा समोसा एफडीएच्या यादीत शोधायचा आणि चिकनचा यूएसडीएच्या. दोन्ही खात्यांच्या घोषणा ‘फूडसेफ्टी डॉट गव्ह’ या सरकारी संकेतस्थळावर एकत्र दिसतात, आणि ईमेलवर मिळण्याची सोयही आहे. ती लावाच. यूएसडीएची हेल्पलाइन १-८८८-६७४-६८५४, एफडीएची १-८८८-७२३-३३६६.

मोठी दुकानं सभासद-कार्डावरून ग्राहकाला फोन किंवा ईमेल करतात. हेच कार्ड साथीचा माग काढायलाही उपयोगी पडतं. २००९-१० मध्ये सलामी या मांसाच्या सॉसेजवरच्या मिरीपर्यंत साल्मोनेलाचा माग लागला तो रुग्णांच्या खरेदी-कार्डांच्या नोंदींवरून. भारतीय किराण्यात मात्र बहुधा असं कार्ड नसतं. दारावर चिकटवलेला कागद हीच काय ती सूचना, आणि तीही पार्किंगच्या गडबडीत नजरेतून सुटते. दुकानदाराला सरळ विचारा, ‘या महिन्यात काही परत गेलंय का?’ त्याला वितरकाचं पत्र आलेलं असतं.

घोषणेत ‘क्लास वन’ लिहिलं असेल तर पदार्थ खाल्ल्याने गंभीर इजा किंवा मृत्यू होण्याची रास्त शक्यता आहे असा त्याचा अर्थ. क्लास टू म्हणजे तात्पुरता किंवा बरा होणारा त्रास, क्लास थ्री म्हणजे त्रासाची शक्यता जवळपास नाही. साल्मोनेला किंवा लिस्टेरिया हा दुसरा जीवाणू असलेले तयार खाद्यपदार्थ सहसा पहिल्या वर्गात येतात. वर्ग ठरायला काही आठवडे लागू शकतात, तेव्हा वर्ग लिहिला नाही म्हणून प्रकरण किरकोळ आहे असं समजू नका.

रिकॉल नेहमी उशिरा येतो, कारण यंत्रणेची रचनाच तशी आहे. माणूस आजारी पडतो, काही दिवसांनी डॉक्टरकडे जातो, नमुना प्रयोगशाळेत जातो, जीवाणूचा जनुकीय ठसा काढला जातो आणि तो देशभरातल्या ठशांशी जुळवला जातो. एक रुग्ण साथीत धरला जायला तीन-चार आठवडे जातात. तोवर पाकीट आपल्या घरी येऊन अर्धं संपलेलं असतं.

यंत्रणा चुकतेही. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय या जीवाणूची मोठी साथ आली तेव्हा आधी बोट दाखवलं गेलं स्पेनच्या काकड्यांकडे. सगळ्या युरोपात काकडी पडून राहिली. शेवटी माग लागला तो मोड आणलेल्या मेथीपर्यंत, आणि ते मेथीदाणे इजिप्तहून आलेले होते. ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले, ५० हून अधिक गेले. म्हणून पहिल्या दिवशीची घोषणा वाचून थांबू नका. तीच घोषणा आठवड्याने पुन्हा उघडून बघा. यादी वाढते, कधी बदलते.

यादी का वाढते ते २००८-०९ च्या शेंगदाणा प्रकरणात दिसलं. एका अमेरिकन कंपनीचं शेंगदाण्याचं लोणी आणि वाटण शेकडो उत्पादकांकडे कच्चा माल म्हणून जात होतं. ७०० हून अधिक लोक आजारी पडले, ९ जण दगावले, आणि परत मागवलेल्या उत्पादनांची संख्या ३,९०० च्या वर गेली: बिस्किटं, आइस्क्रीम, चिक्कीसारख्या वड्या. कंपनीच्या प्रमुखाला २०१५ मध्ये २८ वर्षांची शिक्षा झाली. घोषणेत आपला ब्रँड दिसला नाही, पण मूळ पदार्थ आपल्या घरात असेल, तर पुढचे दोन-तीन आठवडे त्या बातमीवर लक्ष ठेवा.

लॉट नंबर कसा वाचायचा

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे बारकोड जुळवणं. बारकोड त्या उत्पादनाच्या प्रत्येक पाकिटावर सारखाच असतो. तो जुळला म्हणजे ‘हा तोच पदार्थ आहे’ एवढंच कळतं. रिकॉल असतो तो विशिष्ट दिवशी, विशिष्ट यंत्रावर भरलेल्या मालाचा, आणि ते सांगतो लॉट किंवा बॅच नंबर.

हा नंबर छापील मजकुरात शोधू नका. पाकीट आधीच छापून आलेलं असतं आणि नंबर माल भरताना नंतर मारतात. त्यामुळे तो बहुधा पाकिटाच्या वरच्या किंवा खालच्या चिकटवलेल्या पट्टीवर, बरणीच्या झाकणावर, नाहीतर डब्याच्या बुडाला असतो. शाई ठिपक्यांची, फिकट, आणि फ्रीझरमधून काढलं की दंवाने झाकलेली. अंगठ्याने पुसायला जाल तर आकडेच निघून येतील. पाकीट दोन मिनिटं बाहेर ठेवा, कोरड्या कागदाने नुसतं टिपा, मग मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरपा धरून फोटो काढा आणि मोठा करून वाचा. पट्टीवर दात्यांच्या रेषा असतील तर त्यांच्या खाचांत ८ आणि इंग्रजी बी, शून्य आणि ओ हमखास एकमेकांसारखे दिसतात.

कित्येक कारखाने लॉटमध्ये वर्षाचे दोन आकडे आणि वर्षातल्या दिवसाचा क्रमांक घालतात. उदाहरणार्थ २५०७२ म्हणजे २०२५ सालचा ७२ वा दिवस: जानेवारीचे ३१, फेब्रुवारीचे २८, झाले ५९, उरले १३, म्हणजे १३ मार्च. पुढेमागे एखादं अक्षर असेल तर ते कारखाना, यंत्र किंवा पाळी दाखवतं. प्रत्येक कंपनीची पद्धत अशीच असेल असं नाही, म्हणून हे गणित अंदाजापुरतं ठेवा. घोषणेतला नंबर अक्षर न् अक्षर जुळवायचा.

‘बेस्ट बाय’ तारीख वेगळी, लॉट वेगळा. काही घोषणा फक्त तारखांवर असतात, काही दोन्हींवर. मांसाच्या पाकिटावर यूएसडीएच्या गोल शिक्क्यात किंवा त्याच्या शेजारी कारखान्याचा क्रमांकही असतो, तोही जुळवावा लागतो.

नंबर वाचता आला नाही किंवा पाकीटच नाही, तर काय? पदार्थ आणि ब्रँड जुळत असेल आणि रिकॉलच्या काळातली खरेदी असेल, तर तो माल रिकॉलमधलाच धरा. चारशे-पाचशे ग्रॅम मटकीसाठी नशीब आजमावण्यात अर्थ नाही.

डबा भरताना एवढं करा

पाकीट डब्यात रिकामं केलं की लॉट आणि तारीख असलेला तुकडा कात्रीने कापा. पिठाच्या किंवा डाळीच्या डब्यात तो तुकडा आत टाकू नका. कागदी-प्लॅस्टिकचा तुकडा धान्यात हरवतो, आणि पाकिटाची बाहेरची बाजू चार गोदामांतून फिरून आलेली असते. झाकणाच्या बाहेरून सेलोटेपने चिकटवा. बरणीला तेलाचे हात लागतात तिथे टेप टिकत नाही, तर फोटो काढा: आधी पाकिटाची दर्शनी बाजू, मग लॉट. फोनमध्ये ‘किराणा’ नावाचा एक अल्बम पुरतो.

दुसरी सवय मोडायला कठीण आहे, पण मोडा: जुन्या मालावर नवा ओतणं. तळाशी राहिलेली दोन वाट्या जुनी डाळ, वर नवी. अशा डब्यात रिकॉलचा लॉट एकदा मिसळला की सगळा डबा गेला. दोन वाट्या आधी संपवा किंवा वेगळ्या ठेवा.

मिसळणाच्या डब्याचंही तेच. त्यात वाट्या शेजारी शेजारी असतात आणि एकच चमचा सगळीकडे फिरतो. सप्टेंबर २०१९ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातून ‘एमडीएच’चा सांबार मसाला साल्मोनेलामुळे परत घेतला गेला होता. अशा वेळी त्या वाटीतली पूड टाकून भागत नाही. सगळ्या वाट्या रिकाम्या करायच्या, डबा गरम पाण्याने आणि साबणाने धुवायचा, पूर्ण वाळवायचा आणि नवा मसाला भरायचा. पुष्कळांना वाटतं कोरड्या पुडीत जंतू जगत नाहीत. साल्मोनेला कोरड्या पदार्थात वाढत नाही हे खरं, पण महिनोन्‌महिने तग धरून राहतो, आणि ओलावा मिळाला की उठतो. दह्यावर भुरभुरलेला मसाला त्याच्या फार सोयीचा.

माल घरात सापडला तर

पाकीट उघडू नका. आहे तसं आधी एका पिशवीत, मग दुसऱ्या पिशवीत घालून तोंड बांधा. लॉटचा फोटो काढलेला असू द्या, परतावा त्यावर मिळतो. बऱ्याच घोषणांत पावतीचीही गरज नसते. दुकानात परत न्यायचं असेल तर त्याच दिवशी न्या, तोवर वरून ‘खाऊ नका’ असं मोठ्या अक्षरांत लिहून फ्रीझरच्या एका कोपऱ्यात ठेवा. टाकायचं असेल तर झाकणाच्या कचरापेटीत टाका.

अन्न टाकवत नाही हे समजतं. पण ते कुत्र्याला घालू नका, पक्ष्यांना टाकू नका, कंपोस्टमध्ये घालू नका, कामाला येणाऱ्या बाईंना देऊ नका. कुत्र्यालाही साल्मोनेला होतो, आणि त्याच्याकडून घरातल्या लहान मुलाला.

घरात कोणी आजारी असेल आणि संशय त्याच पाकिटावर असेल, तर मात्र लगेच फेकू नका. आधी काउंटीच्या आरोग्य खात्याला फोन करा. त्यांना नमुना तपासायचा असू शकतो. २०१८ च्या सुरुवातीला गोठवलेल्या खवलेल्या खोबऱ्याच्या एका ब्रँडमुळे ९ राज्यांत २७ जण साल्मोनेलाने आजारी पडले. त्या वेळी न उघडलेल्या पाकिटांत जीवाणू सापडले आणि मग गुंता सुटला.

आता सफाई. डबाबंद, कोरडा पदार्थ असेल तर कपाट पुसून भागतं. लिस्टेरिया किंवा गळलेलं पाकीट असेल तर फ्रिज पूर्ण रिकामा करावा लागतो. लिस्टेरिया ४ अंश सेल्सिअसलाही हळूहळू वाढतो, म्हणून फ्रिज त्याच्या वाढीला पुरतो.

बाकीचं अन्न बर्फाच्या पेटीत काढून ठेवा, दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको. काचेचे कप्पे काढून आधी ओट्यावर अर्धा तास राहू द्या; थंड काच तशीच गरम पाण्याखाली धरली तर तडकते. मग गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने कप्पे, खण, दाराच्या आतली बाजू धुवा. साबणाने चिकटपणा गेला तरच पुढचं ब्लीच काम करतं. खरकट्यावर ब्लीच ओतणं म्हणजे ब्लीच वाया घालवणं. एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर साध्या पाण्यात एक टेबलस्पून बिनवासाचं ब्लीच. या पाण्याने सगळं पुसा, काही मिनिटं ओलं राहू द्या, मग स्वच्छ कागदी रुमालाने कोरडं करा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनिया असलेला क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

सुटून जातात त्या जागा ठरलेल्या आहेत: दाराचं रबर, भाजीच्या खणाखालची फट, आणि बर्फाचं पाणी जमतं ती तळाची नाळ. दाराच्या रबराची घडी बोटाने उघडून बघा, आत काळपट ओळ दिसेल. ती जुन्या दातघासणीने घासा.

स्वयंपाकघरात मिक्सरचं भांडं सगळ्यात दगाबाज. खोबरं वाटलं, भांडं विसळलं, पण झाकणाची रबरी रिंग कधी काढली होती? ती काढा, खालचा पांढरा थर घासा, पात्याच्या बुडाशी गरम साबणाचं पाणी घालून अर्धा मिनिट फिरवा आणि रिंग वेगळी वाळवा. खवणीचे दाते, विळीचा पाट, लाकडी बोर्डावरच्या चिरा हेही त्याच पाण्याने. ओट्याचं फडकं गरम पाण्यात धुवा, स्पंज टाकून द्या.

‘शिजवून घेतलं तर चालेल ना?’

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. रिकॉल झालेल्या मालाचं उत्तर ‘नाही’ एवढंच. ७४ अंश सेल्सिअसला, म्हणजे १६५ फॅरनहाइटला साल्मोनेला, लिस्टेरिया, ई. कोलाय मरतात, हे खरं आहे. पण तुम्ही पाकीट कापता, कात्री कोथिंबिरीला लावता, ओला हात नळाच्या मुठीला लागतो, आणि मटकी कुकरमध्ये जाण्याआधीच जंतू कोशिंबिरीत पोचलेले असतात. शिवाय काही जीवाणू विष सोडतात आणि त्यातली काही विषं उकळल्याने जात नाहीत. फुगलेला डबा तर उघडूही नका. त्यात बोट्युलिनम या जीवाणूचं विष असू शकतं.

रिकॉल नसलेल्या रोजच्या मालाला मात्र शिजवणं हीच खरी राखण आहे, आणि इथे आपल्या पद्धतींकडे जरा नीट बघायला हवं. मोड आणणं म्हणजे बियांना ऊब आणि ओल देणं. साल्मोनेलालाही नेमकं तेच हवं असतं. जीवाणू बीच्या सूक्ष्म चिरांत असतो, धुतल्याने निघत नाही, आणि फडक्यात बांधलेल्या रात्रीत प्रचंड वाढतो. घरी मोड आणले तरी धोका तोच, कारण बी तेच. गोठवल्याने तो मरत नाही, नुसता थांबतो. तेव्हा पाकिटावर ‘तयार’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर गोठवलेली मटकी कच्चा पदार्थ आहे असंच धरा. ओट्यावर वितळत ठेवू नका, सरळ उकळत्या पाण्यात टाका किंवा कुकरला एक शिट्टी द्या. भेळेत, कोशिंबिरीत घालायची अर्धवट वाफवलेली कुरकुरीत मटकी चवीला छान लागते, पण गर्भवती, पाच वर्षांखालची मुलं आणि ६५ च्या पुढची माणसं घरात असतील तर तिचा मोह नको.

खोबऱ्याचं जास्त अवघड आहे, कारण ते आपण शेवटी घालतो. पोह्यांवर, खांडवीवर, कोथिंबिरीसोबत, गॅस बंद केल्यावर. सोलकढीत तर दूध कच्चंच. गोठवलेलं खोबरं वापरायचं असेल तर कढईत वाफ येईपर्यंत परता किंवा चटणी-कढीसाठी आधी उकळत्या पाण्यात घालून पुरतं गरम करून घ्या आणि मग थंड करा. चव थोडी जाते. ताजा नारळ फोडून खवला तर हा प्रश्न बराच कमी होतो, आणि खवणी धुतलेली असेल तर आणखी कमी.

कच्ची कणीकही त्यातच. २०१६ मध्ये अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर पीठ ई. कोलायमुळे परत घेतलं गेलं होतं. पीठ भाजलेलं नसतं. गहू शेतातून येतो, दळतात आणि भरतात. पोळ्या लाटताना मुलांच्या हातात खेळायला गोळा देतो, त्यांनी तो तोंडात घालू नये एवढं बघा.

खाऊन झालं असेल तर

घाबरून आधी चाचण्या करायला धावू नका. लक्षणं नसतील तर बहुधा लक्ष ठेवणंच पुरतं, पण किती दिवस ते जीवाणूवर ठरतं. साल्मोनेला ६ तास ते ६ दिवसांत दिसतो: जुलाब, ताप, पोटात मुरडा. ई. कोलाय साधारण ३-४ दिवसांत, आणि जुलाबात रक्त दिसू शकतं. लिस्टेरिया फसवा आहे: बहुधा दोन आठवड्यांच्या आत, पण कधी दोन महिन्यांनीही. गर्भवतीला नुसता ताप आणि अंगदुखी होते, फ्लूसारखी, आणि बाळाला मात्र धोका होतो. त्यामुळे गर्भवतीने रिकॉल झालेला पदार्थ खाल्ला असेल आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

बाकीच्यांनी डॉक्टरकडे कधी जायचं: १०२ फॅरनहाइटच्या वर ताप, जुलाबात रक्त, तीन दिवसांनंतरही न थांबलेले जुलाब, पाणीही न टिकणं, लघवी फार कमी होणं. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील असतील तर ‘बघू उद्या’ करू नका. व्हिजिटर इन्शुरन्सचा कागद आधीच शोधून ठेवा, ऐन वेळी तो शोधण्यात वेळ जातो.

डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ‘अमुक पदार्थ रिकॉल झालाय, मी अमुक तारखेला खाल्ला’. स्टूल टेस्ट मागा, आणि ती ‘कल्चर’ची असेल का ते विचारा. झटपट पीसीआर चाचणीत जीवाणू कोणता ते कळतं, पण साथीशी जुळवायला जिवंत जीवाणू वाढवावा लागतो.

बॅगेत भारतातून आणलेल्या अँटिबायोटिकच्या पट्टीला हात लावू नका. ई. कोलायच्या ओ१५७ प्रकारात अँटिबायोटिकने मूत्रपिंडाचा धोका वाढू शकतो. रक्ती जुलाबात किंवा जोराच्या तापात जुलाब थांबवणारी गोळीही नको. पाणी भरपूर, ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मिठाचं माप नीट, जास्त मीठ घातक.

मागच्या आठवड्यात काय काय खाल्लं ते लगेच लिहून काढा. चार दिवसांनी कुणालाच आठवत नाही, आणि आरोग्य खात्याचा माणूस नेमकं तेच विचारतो.

भारतात घर असेल तर

इथे कायद्याची चौकट आहे: २००६ च्या कायद्यात असुरक्षित माल परत घेणं उत्पादकावर बंधनकारक आहे, आणि परत घेण्याची रीत २०१७ च्या नियमांत घालून दिली आहे. पाकिटावरचा १४ आकडी क्रमांक एफएसएसएआयच्या, म्हणजे भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या परवान्याचा असतो. बॅच नंबर वेगळा, आणि तक्रारीत दोन्ही द्यावे लागतात. एफएसएसएआयचा टोल-फ्री क्रमांक १८००-११-२१००, महाराष्ट्राच्या अन्न आणि औषध प्रशासनाचा (इथली एफडीए) १८००-२२२-३६५, ग्राहक हेल्पलाइन १९१५. ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या सरकारी अ‍ॅपवर फोटोसह तक्रार करता येते.

खरी अडचण सुट्या मालाची. सुटं पनीर, सुटा खवा, डेअरीतून पातेल्यात घेतलेलं दही यांना बॅच नसतो, म्हणून ते परत मागवताच येत नाहीत. अशा मालाला पाकिटातल्यासारखी राखण मिळेल असं धरू नका. खवा घेतला त्याच दिवशी भाजा, पनीर उकळत्या रश्शात घाला, आणि दुकानाचं बिल महिनाभर तरी ठेवा.

मंडळाच्या पंगतीसाठी

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या गणपतीत दोनशे माणसांची उसळ तीन-चार घरांत वाटून होते आणि मटकी येते दोन दुकानांतून. एखादं पाकीट बिघडलं तर ते कुठल्या पातेल्यात गेलं हे नंतर सांगताच येत नाही. म्हणून प्रत्येक घराने आपण वापरलेल्या पाकिटांच्या लॉटचा फोटो, दुकानाचं नाव आणि पातेल्याचा क्रमांक एकाच ग्रुपमध्ये टाकायचा. पातेली मिसळायची नाहीत. एकातली उसळ संपल्यावरच दुसरं उघडायचं आणि वाढण्याचा डाव बदलायचा. गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर राहिला पाहिजे. आरतीला उशीर झाला आणि गॅस बंद राहिला, तर दोन तासांनंतर ती उसळ वाढू नका, आणि पुन्हा गरम करून वाढायचा विचारही करू नका. वाढणाऱ्यांपैकी कुणाचं पोट बिघडलेलं असेल तर त्याने त्या दिवशी खुर्च्या मांडाव्यात.

फोटो पुसून टाकायची घाई नको. रुग्ण साथीत धरला जायलाच तीन-चार आठवडे लागतात, म्हणजे अनंत चतुर्दशी होऊन गेल्यावरही चौकशीचा फोन येऊ शकतो. ग्रुप दिवाळीपर्यंत ठेवा.